फडातली जोड

हळद शिजवून, वाळवून, पोती भरून झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या गावांना जत्रेचे वेध लागतात. वसमत असो, कळमनुरी असो, औंढा नाहीतर सेनगाव. देवाची पालखी झाली, नवस फिटले, की शेवटच्या दिवशी कुस्त्या ठरलेल्या. गावाबाहेरचं मोकळं रान नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून तयार ठेवलेलं असतं. इकडची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात ती अशी टणक होते की पाठीवर पडलेल्याचा श्वासच जावा. म्हणून ऐपत असेल तिथं तांबडी माती आणून टाकतात, नसेल तिथं वाळू मिसळून जागा मऊ करतात. उन्हं कलली की हलगी कडाडते आणि माणसं गोल करून बसायला लागतात. खुद्द हिंगोली शहरात हा मान दसऱ्याला. खाकीबाबा मठाच्या पुढाकारानं सुरू झालेला इथला दसरा महोत्सव दीडशे वर्षांहून जुना आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन, रामलीला, रावणदहन आणि त्यांच्यासोबत कुस्त्यांची दंगल.

फडाची सुरुवात पोरांनी होते. सात-आठ वर्षांची, चड्डीवरच उतरलेली पोरं. पूर्वी त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, आता दहा-वीस रुपयांवर लागतात. मग इनाम चढत जातं. शंभर, पाचशे, हजार. प्रत्येक कुस्तीचं इनाम कुणीतरी गावकऱ्यानं दिलेलं असतं आणि त्याचं नाव भोंग्यावरून पुकारलं जातं. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ देतो, कुणी मुलगा नोकरीला लागला म्हणून. सगळ्यात शेवटी मानाची कुस्ती. तोवर दिवस मावळायला आलेला असतो, आणि लघवीला उठलेला माणूसही धावत परत येतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे जोड लावणं. इथं वजनकाटा नसतो. लढू इच्छिणारा गडी कपडे काढून फडाला फेरी मारतो. समोरून दुसरा येतो. पंच म्हणून बसलेले जुने पैलवान दोघांना शेजारी उभं करतात, दंड चाचपतात, मान बघतात, मांडीवर थाप मारून बघतात. मग विचारपूस होते. कुठल्या तालमीत मेहनत करतोस, वस्ताद कोण, मागच्या महिन्यात कुठं लढलास. एवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडतो, ‘‘गडी जड हाय, जोड बसत न्हाई!’’ पंचांना ते पटलं तर दुसरा गडी शोधायचा. पटलं नाही तर दोघांचे हात धरून वर करायचे, फडभर फिरवायचं आणि नावं पुकारायची. हे हात वर करून फिरवणं म्हणजे गावापुढं दिलेली ग्वाही असते की ही लढत बरोबरीची आहे.

अशी बरोबरी गोल्फमध्येही साधतात; तिथं हँडिकॅप नावाची सोय आहे. कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट मिळते, म्हणून बाप आणि लेक, साहेब आणि कारकून एकाच मैदानावर बरोबरीनं खेळू शकतात. त्या खेळातून आयुष्यभराच्या मैत्र्या होतात असं म्हणतात, आणि मला ते सहज पटतं. चार-पाच तास सोबत चालताना माणूस माणसाला ओळखतोच. पण ती बरोबरी आकड्यांतून येते. फडातली बरोबरी जाणत्यांच्या नजरेतून येते, आणि ती चुकली तर पंचाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. चुकीची जोड लावून एखाद्या पोराचं हाड मोडलं तर त्या पंचाला पुन्हा कुणी बोलावत नाही.

जोड लागली की दोघं वाकून माती उचलतात. आधी कपाळाला, मग एकमेकांच्या अंगाला. घामानं, तेलानं निसटणाऱ्या अंगावर पकड बसावी म्हणून ही माती. म्हणजे ज्याला पाडायचं त्याच्याच अंगावर आपण माती चोळतो आणि त्याच्या हातात आपली पकड सोपी करून देतो. मग सलामी, हाताला हात. तालमीतल्या हौद्यातली माती तर आणखी जपलेली असते. ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद घालून ती महिनोन्‌महिने मुरवतात. जखम चिघळू नये, कातडी फाटू नये म्हणून. भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद ज्या जिल्ह्यात पिकते, तिथं हौद्यात पिवळी मूठ टाकताना हात आखडत नाही.

फडातल्या कुस्तीत गुणफलक नसतो. पाठ लागली की चितपट, नाहीतर बरोबरी. मॅटवर तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं असतात आणि एकेका गुणासाठी हरकती घेतल्या जातात. तो खेळ वेगवान आहे, जगात तोच चालतो आणि पोरांनी तो शिकलाच पाहिजे. पण फडात कुस्ती वीस-पंचवीस मिनिटं चालली, कुणीच हटेना, तर पंच मधे पडून ती सोडवतात. दोघांचे हात वर होतात, इनाम निम्मं-निम्मं होतं. चांगली रंगलेली कुस्ती बरोबरीत सुटली तर लोक हळहळत नाहीत, उलट दोघांनाही वरून पैसे लावतात. घिस्सा, ढाक, कलाजंग, एकलंगी, कुणी कुठला डाव टाकला आणि समोरच्यानं तो कसा मोडला, यावर रात्री पारावर बोलणं होतं. इनामाचा आकडा तोवर विसरलेला असतो.

फडाची खरी कमाई इथं आहे, असं माझं ठाम मत आहे. कोण जिंकलं हे लोक विसरतात. कोण कुणाशी लढलं हे विसरत नाहीत. जुन्या पैलवानाशी बोलायला बसा, तो पदकांची यादी सांगत नाही. तो गावं सांगतो. अमक्या गावचा गडी होता, लांब हाताचा, दोनदा लढलो, एकदा त्यानं पाडलं, एकदा मी. आणि मग हमखास पुढचं वाक्य येतं, त्याच्या लेकीच्या लग्नाला गेलो होतो.

हिंगोलीच्या फडांना भूगोलानंही हातभार लावला आहे. जिल्ह्याच्या कडेनं पैनगंगा वाहते. पूर्वी अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे वऱ्हाड. राज्यं वेगळी, पण जत्रा एकमेकांच्या. आजही इकडच्या फडात वाशीम, पुसदचे गडी उतरतात, नांदेड-परभणीचे तर हक्काचेच. बाहेरगावचा पैलवान आला की त्याची जेवणाची सोय कुणाच्या तरी घरी लागते. ते घर पुढं त्याचं पाहुण्याचं घर होतं. वस्तादांमध्ये मुसलमान घराण्यांतले उस्ताद पुष्कळ होते आणि आहेत. त्यांच्या हाताखाली घडलेली पोरं आजही आधी त्यांच्या पायाला हात लावून मग फडात उतरतात. हलगी वाजवणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं. फडाचा सगळा जोर त्यांच्या काठीवर असतो. कुस्ती अंगात आली की ताल चढवायचा, थंडावली की गड्याला चेतवायचं. तरी वर्षानुवर्षं त्यांची बिदागी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. ज्या गावांनी आता त्यांना फेटा बांधून मान द्यायला सुरुवात केली, त्या गावांचं कौतुक वाटतं. सगळ्यांनीच ते करावं.

मराठवाड्यातल्या पोराला मोठं व्हायचं तर बहुधा घर सोडावं लागतं. खुराकाचा खर्च झेपत नाही. दूध, तूप, बदाम हे कोरडवाहू घरात रोज कुठून येणार? मग कोल्हापूर नाहीतर पुण्याची तालीम. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार असेच निघाले. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी नामवंत मल्ल सतपाल यांना हरवलं. ती कुस्ती लोक अजून सांगतात. पण माझ्या मते त्यांचं त्याहून मोठं काम पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीतलं. तिथं त्यांनी पोरं घडवली. लातूरचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पोरवयात तिथं आला. बिराजदार २०११ साली गेले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आवारेनं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा त्यानं ते आपल्या गेलेल्या वस्तादांना अर्पण केलं.

तालमीतलं नातं असं का होतं, हे आत राहिल्याशिवाय कळत नाही. पहाटे एकत्र उठायचं, जोर-बैठका मारायच्या, मग ज्याच्याशी पाळीपाळीनं भांडल्यासारखं लढलो त्याच्याच पाठीची मालीश करायची. बदाम वाटायचे, स्वयंपाकाची पाळी, एकाला ताप आला की दुसऱ्यानं रात्र जागायची. रोजच्या जोडीदाराला आपला कुठला गुडघा दुखतो, कुठल्या डावाला आपण घाबरतो, सगळं ठाऊक असतं. घरच्यांनाही जे सांगितलेलं नसतं ते त्याला अंगानं कळलेलं असतं.

७ जानेवारी २०२० रोजी पुण्यात बालेवाडीला हे नातं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. सदगीर नाशिकचा, शेळके लातूरचा, आणि दोघंही काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीतले, एकमेकांचा प्रत्येक डाव माहीत असलेले. लढत शेवटपर्यंत तटून राहिली आणि सदगीर ३-२ असा जिंकला. जिंकल्याबरोबर त्यानं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. विजेत्याला खांद्यावर घेऊन नाचणं नेहमीचं. विजेत्यानं हरलेल्याला खांद्यावर घेतलेलं पाहून मैदान उभं राहिलं.

गोल्फवाले अशीच एक गोष्ट सांगतात. १९६९ साली इंग्लंडमध्ये रॉयल बर्कडेल इथं रायडर चषकाची शेवटची लढत चालू होती. ब्रिटनचा टोनी जॅकलिन आणि अमेरिकेचा जॅक निकलॉस बरोबरीत. जॅकलिनचा चेंडू भोकापासून दोन-तीन फुटांवर. तो चुकला असता तर चषक अमेरिकेनं थेट जिंकला असता. निकलॉसनं तो फटका मारायला न लावताच मान्य केला आणि सामना १६-१६ असा सुटला. निकलॉसच्याच संघातल्या काहींना ते रुचलं नाही. पण दोघांची मैत्री टिकली, आणि पुढं दोघांनी मिळून फ्लोरिडात एक गोल्फ मैदान आखलं. बर्कडेलचा निकलॉस आमच्या फडात असता तर पंचांनी त्याला फेटा बांधला असता.

सगळं असंच असतं असं नाही. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच आतून ठरवलेली कुस्ती, हा फडाला लागलेला जुना रोग आहे. दोघं वाटून घेतात आणि लोकांना वेड्यात काढतात. इनामं लाखांत गेली तसा हा रोग वाढला. २०२५ साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत निकालाच्या वादातून पंचाला लाथ मारली गेली आणि दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल चुकला की बरोबर, हा वाद राहू द्या. पण पंचाच्या नजरेवरचा विश्वास उडाला की फडाचं काही शिल्लक राहत नाही, कारण या खेळात नजरेशिवाय दुसरा काटाच नाही.

विश्वास पंचावर ठेवावा लागतो तसा गड्यावरही, आणि त्यासाठी माणसांनी काय काय केलं आहे! १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, आणि मग कुस्त्या लढवून ते पैसे त्यांनी फेडले.

आता फडात मुलीही उतरतात. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि त्यानंतर खेड्यातल्या जत्रांतही मुलींच्या जोडी मागून घेतल्या जाऊ लागल्या. अडचण एकच येते, आसपासच्या गावांत तोडीची दुसरी मुलगी मिळत नाही. मग पंच मंडळी फोन फिरवतात, परभणीला, नांदेडला, पैनगंगेपलीकडे पुसदला. पंचांच्या वहीत पूर्वी फक्त पोरांची नावं असायची: नाव, गाव, वस्ताद आणि कुणाशी लढला. जत्रा उठल्यावर, मंडप सोडवता सोडवता, पुढच्या वर्षीच्या जोडी त्याच वहीत लिहिल्या जातात. काही पानांवर आता मुलींची नावं आहेत, समोरची जागा मोकळी ठेवून.