वाइनचा पहिला घोट कशासाठी?

नारायणगाव : पिंपरी पेंढारपासून थेट नारायणगावापर्यंत जुन्नर तालुक्यात द्राक्षबागा आहेत, पण त्या प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांच्या. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे आणि जाड सालीचे असते. रेड वाइनला रंग व तुरटपणा मिळतो तो या सालीतूनच. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या 'शँपेन इंडेज'ने नारायणगावात फ्रेंच तंत्रसाह्याने केलेली 'ओमर खय्याम' ही फसफसणारी वाइन परदेशी गेली. ती कंपनी पुढे अडचणीत येऊन बंद पडली. वाइन कशी चाखावी, हे मात्र येथील ग्राहकाला आजही फारसे कोणी सांगत नाही.

हॉटेलात वेटर आधी घोटभर वाइन ओततो, तेव्हा अनेक जण संकोचून नुसती मान डोलावतात. वास्तविक तो घोट आवडनिवड सांगण्यासाठी नसून वाइन बिघडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. ग्लास हलकेच फिरवून वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा वास आल्यास बाटली बदलून मागण्यात गैर काही नाही. पैसे अखेर ग्राहकाचेच जातात.

घरी मुख्य अडचण उन्हाळ्याची. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हा संकेत थंड युरोपातला. आपल्याकडील ३५ अंशांच्या खोलीत तिचा मद्यार्कच नाकात भरतो. ती १५ ते १८ अंशांवर, तर व्हाइट वाइन ८ ते १२ अंशांवर असावी. मासवडीच्या झणझणीत रश्शासोबत तुरट रेड वाइन घेतल्यास तिखट अधिकच झोंबते. तेथे किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ बरी.