चव्हाट्यावरील शिक्षा

चव्हाटा हा शब्द आपल्या मुलांना वाक्प्रचारांत भेटतो, प्रत्यक्षांत फारसा भेटत नाहीं. गांवांतील चार वाटा जेथें मिळत, तें ठिकाण म्हणजे चव्हाटा. घरांतील गोष्ट तेथें पोंचली कीं ती त्या घराची राहत नसे. अपराध्याच्या तोंडास काळें फासून, त्याला गाढवावर उलटें बसवून त्याची धिंड काढावयाची ती याच वाटेनें. या शिक्षेंत शरीरास इजा थोडी व मनास फार. कारण मनुष्य जसा भाकरीवर जगतो, तसा चारचौघांतील नांवावरही जगतो. आज हा चव्हाटा गांवांतून उठून प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें येऊन बसला आहे. तेथील न्याय कसा चालतो व त्याचें फळ काय होतें, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

जुन्या काळीं ही शिक्षा सरकारही देत असे. इंग्लंडांत ‘पिलरी’ नांवाचें एक लांकडी साधन भर बाजारांत उंच चौथऱ्यावर उभें करीत. दोन फळ्यांमधील भोकांत अपराध्याची मान व मनगटें अडकवावयाचीं, आणि न्यायाधीशानें ठरविलेला वेळ, बहुधा तासभर, त्याला लोकांसमोर तसेंच उभें ठेवावयाचें. पुढील काम लोकांचें. कोणी चिखल मारी, कोणी कुजकीं अंडीं, कोणी दगड. कांहीं अपराधी त्या माऱ्यानें प्राणास मुकले. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डीफो हाही एका उपरोधिक पत्रकाबद्दल सन १७०३ च्या जुलैंत तीन दिवस या फळींत उभा होता. परंतु त्याच्यावर लोकांनीं फुलें टाकलीं, असें सांगतात. न्यायालयानें शिक्षा एकच द्यावी आणि गर्दीनें आपल्या लहरीप्रमाणें कोणाचा जीव घ्यावा, कोणाची मिरवणूक काढावी, असा हा प्रकार! सन १८१६ मध्यें बहुतेक गुन्ह्यांपुरती व सन १८३७ मध्यें अजीबात, ही शिक्षा तेथील पार्लमेंटानें बंद केली.

अमेरिकेंतील प्रसिद्ध वैद्य बेंजामिन रश यांनीं तर त्यापूर्वीं पन्नास वर्षें, म्हणजे सन १७८७ मध्यें, अशा जाहीर शिक्षांविरुद्ध एक निबंध वाचला होता. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लाज ही सद्गुणांच्या रक्षणासाठीं उभी असलेली चौकी आहे. तुम्ही चारचौघांत मनुष्याची लाजच काढून घेतली, तर त्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं उरत नाहीं, मग तो सुधारावा कशासाठीं? शिवाय पाहणाऱ्यांचीं मनें दगड होतात, तें वेगळेंच. या दुसऱ्या मुद्द्याकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण आपल्यापैकीं बहुतेकांच्या वांट्यास अपराध्याची नव्हे, तर पाहणाऱ्याचीच भूमिका येते.

आतां आजचें एक उदाहरण पाहूं. सन २०१३ च्या डिसेंबरांत लंडनच्या विमानतळावर केपटाउनच्या विमानाची वाट पाहत असलेल्या एका तिशीच्या बाईनें ट्विटरवर (हेंच आतां ‘एक्स’ या नांवानें चालतें) एका ओळीचा विनोद लिहिला. आफ्रिकेंतील एड्सचा रोग व आपली गोरी कातडी यांची त्यांत सांगड होती. विनोद वाईट होता. ज्या भूमींत त्या रोगानें घरेंच्या घरें ओस पडलीं, तेथील लोकांस तो झोंबला यांत नवल तें काय? आपण गोऱ्या लोकांच्या बेफिकिरीचीच थट्टा करीत होतों, असें तिनें पुढें सांगितलें. परंतु त्या एका ओळींत ती थट्टा परक्याला दिसावी कशी? तिचें लिहिणें वाचणारे लोक अवघे १७० च्या आसपास होते. ती विमानांत बसली आणि तिनें फोन बंद केला. प्रवास अकरा तासांचा होता. तेवढ्या अवधींत एका पत्रकारानें ती ओळ आपल्या हजारों वाचकांपुढें ठेवली आणि वणवा पेटला. प्रथम संताप, मग शिव्या, मग तिला नोकरींतून काढण्याची मागणी; आणि शेवटीं ‘ती उतरली का?’ हा प्रश्न जगभर खेळासारखा फिरूं लागला. साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि तिला मात्र कांहींच ठाऊक नाहीं, याचीच लोकांना मौज वाटली. एक गृहस्थ तर तिचें छायाचित्र घेण्यासाठीं केपटाउनच्या विमानतळावर जाऊन उभा राहिला. ती उतरली तों तिची नोकरी गेल्यासारखीच होती.

अशा कित्येक माणसांना भेटून जॉन रॉन्सन या लेखकानें सन २०१५ मध्यें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. रात्रीं झोंप नाहीं, घराबाहेर पडण्याचें धैर्य नाहीं, नवीन ओळख झाली तर समोरचा मनुष्य आपलें नांव शोधून पाहील ही धास्ती कायमची, अशीं त्या माणसांचीं वर्णनें आहेत. ज्या पत्रकारानें वरील ओळ चव्हाट्यावर आणली, त्याच्यावरही वर्षभरांतच एका अविचारी विनोदापायीं तीच पाळी आली, आणि मग त्यानें त्या बाईची जाहीर क्षमा मागितली.

इतक्या माणसांच्या अंगीं ही क्रूरता येते कोठून? माझ्या मतें ती येतच नाहीं. प्रत्येकजण आपल्यापुरता एक खडाच टाकतो. एका खड्यानें कोणी मरत नाहीं, हें खरें; पण ज्याच्यावर लाख खडे पडतात त्याला तें सांगून काय उपयोग? शिवाय हा खडा टाकणाऱ्यास बक्षीस मिळतें. येल विद्यापीठांतील संशोधकांनीं ७,३३१ माणसांच्या सुमारें १ कोटि २७ लक्ष ट्विटांची तपासणी करून सन २०२१ मध्यें असें दाखविलें कीं, ज्याच्या संतापास ‘लाईक’ व पुनःप्रसार अधिक मिळतो, तो पुढें अधिक संताप व्यक्त करूं लागतो. शाबासकी मिळाली कीं मूल तेंच पुन्हां करतें, हें आम्हां शिक्षकांस सांगावयास नको.

आणि खडा भलत्यावरच पडला तर? सन २०१३ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॅराथॉन शर्यतींत बॉम्बस्फोट झाले. पोलिसांनीं संशयितांचीं छायाचित्रें प्रसिद्ध करतांच ‘रेडिट’ या संकेतस्थळावरील हौशी मंडळी तपासास लागली व त्यांनीं भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याचें नांव पुढें केलें. हा मुलगा महिनाभर बेपत्ता होता व त्याच्या घरचीं माणसें त्याचा शोध करीत होतीं. एका रात्रींत त्या शोकाकुल कुटुंबावर द्वेषाच्या संदेशांचा वर्षाव झाला. खरे आरोपी निराळेच निघाले. आणि कांहीं दिवसांनीं त्या मुलाचा मृतदेह नदींत सांपडला. संकेतस्थळाच्या चालकांनीं कुटुंबाची क्षमा मागितली. संदेश पाठविणाऱ्यांपैकीं किती जणांनीं मागितली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

आपल्याकडील गोष्टही विसरूं नये. सन २०१२ च्या नोव्हेंबरांत मुंबईंतील बंदविषयीं फेसबुकवर कांहीं ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीस, व त्या ओळी ‘लाईक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीस अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना जमावानें फोडला. ज्या ६६ अ कलमाखालीं अशा अटका होत, तें सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. त्यानंतर महाराष्ट्रानें माणसास वाळीत टाकणें हाही गुन्हा ठरविणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो सन २०१६ चा. जातपंचायतीच्या बहिष्कारास कायद्यानें वेसण घातली खरी, पण मोबाईलवरच्या पंचायतीचा पंच कोण, हें सांपडत नाहीं.

याचा अर्थ अन्यायाबद्दल जाहीर बोलूंच नये असा कोणी काढूं नये. दुर्बळानें सर्व दारें ठोठावलीं, कोणी उघडलें नाहीं, आणि मग त्यानें सामर्थ्यवानाचें नांव घेऊन आरोळी ठोकली, तर त्याला मी दोष देणार नाहीं. सन २०१७ मध्यें अमेरिकेंत व पुढील वर्षीं आपल्या देशांत अनेक स्त्रियांनीं ‘मी टू’ म्हणून तेंच केलें, आणि त्यांतून कित्येक वर्षें झांकलेल्या गोष्टी बाहेर आल्या. परंतु सत्ताधीशाच्या अत्याचारास वाचा फोडणें निराळें, आणि एका अनोळखी मनुष्याच्या एका मूर्ख वाक्यावर लाखांनीं तुटून पडणें निराळें. शिक्षा अपराधाच्या मापाची असावी व तिला शेवट असावा, हे न्यायाचे दोन जुने नियम आहेत. पिलरीची फळी निदान तासाभरानें उघडे. संगणकांतील नोंद उघडतही नाहीं व पुसतही नाहीं.

मुलांच्या बाबतींत आपला कायदा अधिक दयाळू आहे, हें पालकांस बहुधा ठाऊक नसतें. सन २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें, ज्या मुलाच्या हातून गुन्हा घडला त्याचें नांव, पत्ता अथवा शाळा कोणत्याही माध्यमांत प्रसिद्ध करतां येत नाहीं. करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कांहीं घोर अपराध वगळतां, त्या मुलाची नोंदही ठराविक मुदतीनंतर नष्ट करावयाची आहे, म्हणजे मोठेपणीं ती त्याच्या आड येऊं नये. जें दप्तर न्यायालयसुद्धां जाळून टाकतें, तें वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांत मात्र जपून ठेवलें जातें! कोणी परीक्षेंत नक्कल करतांना सांपडला, कोणाचे पत्र कोणाच्या हातीं लागलें, कोणी भाषणांत अडखळला, कीं त्याचें चित्र मधल्या सुटीपूर्वीं घरोघर पोंचतें.

असें चित्र आपल्या मुलाविषयीं फिरूं लागल्यास पालकांनीं प्रथम त्याच्यावर रागावूं नये. त्या रात्रीं त्याला एकटें ठेवूं नये. फोन हिसकावून घेतल्यास तें पुढील वेळीं सांगणार नाहीं. आलेले संदेश पुसण्यापूर्वीं त्यांच्या प्रती ठेवाव्या, उत्तरें देत बसूं नये, दुसऱ्या दिवशीं शाळेंत येऊन वर्गशिक्षकांस भेटावें. मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो. तो मुलांनीं पाठ करून ठेवावा. आणि ज्या विद्यार्थ्याच्या हातीं असें चित्र येईल, त्यानें तें पुढें न पाठवितां ज्याचें आहे त्याच्या घरीं संध्याकाळीं सहज जाऊन यावें. चित्राविषयीं बोलण्याची गरज नाहीं, गणिताची वही मागावयास गेलें तरी चालेल.