पियानोवादक बीथोव्हन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लुडविग व्हान बीथोव्हन (१७७०–१८२७) हा मुळात संगीतरचनाकार, पियानो तो जोडीला वाजवत असे, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. नोव्हेंबर १७९२ मध्ये बॉन सोडून तो व्हिएन्नात आला आणि तिथे त्याचा आधी बोलबाला झाला तो वादक म्हणून. पहिली सिंफनी लोकांपुढे यायला १८०० साल उजाडले.

दुसरा समज बालपणाचा. तो मोझार्टसारखा गावोगावी मिरवलेला बालकलाकार होता, असे मानले जाते. वडिलांची तशी हौस होती खरी. २६ मार्च १७७८ रोजी कोलोनमध्ये त्यांनी त्याला लोकांपुढे बसवले, तेव्हा जाहिरातीत सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे वय सहा छापले होते! पण पुढचे शिक्षण झाले ते दरबारी नोकरीच्या शिस्तीत. गुरू नेफे यांच्या हाताखाली तो ऑर्गन वाजवू लागला आणि १७८४ मध्ये वर्षाला दीडशे फ्लोरिन पगारावर दरबारी ऑर्गनवादकांत रुजू झाला. १७८७ च्या व्हिएन्नाभेटीत मोझार्टने त्याचे वादन ऐकून मोठे भाकीत केले, ही गोष्ट लोकप्रिय असली तरी तिला त्या काळचा एकही पुरावा नाही.

व्हिएन्नात त्याची कीर्ती सार्वजनिक मैफलींतून पसरली असेल, असे आज सहज वाटते. तशा मैफली मुळात कमी होत. बर्गथिएटरमधला त्याचा तिथला पहिला जाहीर कार्यक्रम २९ मार्च १७९५ चा, म्हणजे शहरात येऊन दोन वर्षे उलटल्यावरचा. तोवर नाव झाले होते सरदारांच्या दिवाणखान्यांत, आणि तेही उत्स्फूर्त वादनावर. कुणीतरी दोन-चार स्वरांची सुरावट द्यावी आणि त्याने तिचा विस्तार करत जावे, ही खरी परीक्षा असे. चोरीची धास्तीही होती. १७९३ च्या अखेरीस मैत्रीण एलेओनोरे फॉन ब्रॉयनिंग हिला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की संध्याकाळी त्याचे वादन ऐकून त्यातल्या खुब्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या म्हणून उतरवणारे लोक इथे आहेत. म्हणून तिला अर्पण केलेल्या व्हेरिएशन्समध्ये त्याने वाजवायला अवघड ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने होणारी आलटापालट, मुद्दाम घातले. त्या मंडळींची भर बैठकीत फजिती व्हावी, हा त्यातला उघड हेतू.

या बैठकींत वादकांचे सामनेही रंगत. डॅनिएल श्टाइबेल्टशी झालेल्या सामन्याची हकीकत फार सांगितली जाते : बीथोव्हनने श्टाइबेल्टच्याच रचनेतला चेलोचा कागद उलटा ठेवून एका बोटाने सुरावट वाजवली आणि तिच्यावर असे काही वाजवले, की श्टाइबेल्ट उठून निघून गेला. सामना झाला १८०० मध्ये. ही हकीकत छापून आली १८३८ मध्ये, शिष्य फेर्डिनांड रीसच्या आठवणींत, आणि रीस त्या वेळी व्हिएन्नात नव्हता. सामना नाकारण्याचे कारण नाही. तपशील मात्र ऐकीव आहेत.

तो पियानो बडवत असे, हा समज निम्मा खरा. तारा तुटत, पेडलचा वापर सढळ असे, आणि हुमेलच्या स्वच्छ, नाजूक वादनाचे चाहते त्याला गोंगाट म्हणत. पण साधारण दहाव्या वर्षी त्याच्याकडे शिकायला गेलेल्या चेर्नीने नोंदवले आहे ते वेगळेच : गुरूचा सारा भर स्वर एकमेकांत न तुटता मिसळण्यावर, म्हणजे लेगाटोवर असे.

सर्वांत रुजलेला समज असा, की बहिरेपणाने त्याचे वादन एकाएकी बंद पाडले. २९ जून १८०१ च्या पत्रात त्याने मित्र वेगेलरला श्रवणदोषाची कबुली दिली, तेव्हा त्रास काही वर्षांचा झाला होता. तरीही ५ एप्रिल १८०३ रोजी त्याने तिसरा कॉन्चेर्तो स्वतः वाजवला. पाने उलटायला बसलेल्या झाइफ्रीडपुढे जवळजवळ कोरे कागद होते, मधूनच त्याला न कळणाऱ्या खुणा. पियानोचा भाग रचनाकाराच्या डोक्यातच होता. २२ डिसेंबर १८०८ च्या सुमारे चार तासांच्या मैफलीत त्याने चौथा कॉन्चेर्तो सादर केला. वाद्यवृंदासह एकल वादक म्हणून कॉन्चेर्तो वाजवण्याची ही शेवटची जाहीर वेळ. ‘आर्चड्यूक’ त्रयीच्या १८१४ मधल्या तालमीत व्हायोलिनवादक श्पोरने जे ऐकले ते दुःखद होते : वाद्य बेसूर, जोराच्या जागी तारांचा खणखणाट, हळुवार जागी स्वरच गायब. तरी त्याने ती रचना लोकांपुढे वाजवली आणि जानेवारी १८१५ मध्ये एका गायकाला साथही केली. ऐकू कमी येऊ लागल्यापासून जाहीर वादन थांबेपर्यंत दीड दशकाहून अधिक काळ गेला.

या माघारीची खूण त्याच्या स्वरलिपीतही दिसते. आधी कॉन्चेर्तोतली कॅडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर एकट्या वादकाने रंगवायची जागा, तो तिथल्या तिथे रचत असे. १८०९ च्या सुमारास शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फसाठी त्याने आधीच्या कॉन्चेर्तोंच्या कॅडेन्झा लिहून दिल्या. त्याच वर्षीचा पाचवा कॉन्चेर्तो लाइप्झिगमध्ये श्नायडरने १८११ मध्ये आणि व्हिएन्नात चेर्नीने १८१२ मध्ये वाजवला. त्याच्या पहिल्या भागात कॅडेन्झाच्या जागी बीथोव्हनने सूचना लिहिली, की इथे कॅडेन्झा घेऊ नये, लगेच पुढे जावे. आणि पुढचे स्वर स्वतःच लिहून ठेवले.