थोटकांचा थाट

टाकून दिलेल्या वस्तूंची छायाचित्रे कृष्णधवलच का, असे विचारले की जुन्या काळाची हुरहूर हे ठरलेले उत्तर मिळते. गंजके कुलूप, मोडकी खुर्ची, त्यावर करडी कळा, आणि पाहणारा उसासा टाकतो. हे उत्तर किती अपुरे आहे, ते अर्व्हिंग पेनची थोटके दाखवतात. पेन हा ‘व्होग’ मासिकाचा नामांकित छायाचित्रकार. त्याने केलेले पहिले मुखपृष्ठ १९४३ चे. उंची पोशाखांना रूप देणारा हा माणूस १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून उचललेली सिगारेटची थोटके स्टुडिओत मांडून टिपू लागला. कुणीतरी ओढून बुटाखाली चिरडलेल्या त्या वस्तूला हुरहूर लागावी असा भूतकाळ कुठला? तरीही पेनने रंग टाळला, तेव्हा कारण दुसरीकडेच शोधायला हवे.

मला ते छपाईत सापडते. ही छायाचित्रे प्लॅटिनम-पॅलॅडियम पद्धतीने छापलेली आहेत. नेहमीच्या कागदावर प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. इथे धातूचे क्षार थेट कागदाला फासतात आणि धातू कागदाच्या तंतूंतच बसतो. चकाकी नाही, पण काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा मात्र विलक्षण सूक्ष्म. हा लेप अतिनील प्रकाशालाच दाद देतो, म्हणून निगेटिव्ह कागदावर टेकवून छापावी लागते आणि ती छायाचित्राएवढीच मोठी लागते. पेन एकच कागद पुन्हा पुन्हा लेप देऊन छापायचा. दर खेपेला प्रतिमा तंतोतंत जागेवर बसावी म्हणून तो कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवत असे. बोटभर थोटूक अशा रीतीने दीड-दोन फूट उंच होते. मग राखेची कड, ओलीने फुगलेला कागद, बाहेर डोकावणारी तंबाखू आणि कंपनीच्या नावाची उरलीसुरली अक्षरे जीर्ण शिलालेखासारखी वाचावी लागतात.

रंग असता तर डोळ्याने आधी पिवळा डाग पाहिला असता, डागाने किळस आणली असती आणि पाहणे तिथेच संपले असते. रंग वस्तूची ओळख झटपट पटवतो: ही स्वस्त, ही घाण, ही अमक्या कंपनीची. तो काढला की उरतो पोत, घडी, चीर, सावली. छायाचित्रकार आरन सिस्किंडने १९४४ मध्ये ग्लॉस्टर बंदरात टिपलेला टाकाऊ हातमोजा, किंवा ब्रासाईने १९३३ मध्ये ‘मिनोतोर’ नियतकालिकात दाखवलेली, कुणीतरी नकळत गुंडाळलेली बसची तिकिटे यांचेही तेच. अर्थात रंग काढला की आपोआप चित्र होत नाही. लाल गंज आणि हिरवा रंग करड्यात एकसारखे उतरू शकतात. लाल फिल्टरने गंज उजळतो, निळ्याने काळवंडतो. कशाला उठाव द्यायचा, हे छायाचित्रकारालाच ठरवावे लागते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा कचऱ्याला दिलेला मुलामा आहे. महागडा धातू, १९७५ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या भिंती, १९७७ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात रस्त्यावरच्या कचऱ्याचे आणखी एक प्रदर्शन. यात थोटकाचे काय भले झाले? आक्षेप अर्धा खरा आहे. पण सौंदर्य दर वेळी सत्य झाकतेच असे नाही. छायाचित्रकार शोमेई तोमात्सूने १९६१ मध्ये नागासाकीतली अणुस्फोटाने वितळलेली बाटली कृष्णधवल टिपली. पाहताक्षणी ती सोललेल्या जनावराचा देह वाटते. बाटली आहे हे कळते ते नंतर. काचेचा रंग दिसला असता तर हा धक्का बसलाच नसता. इथे आकाराची मोहिनीच पाहणाऱ्याला भीषणतेपर्यंत नेते.

दुसरा आक्षेप छायाचित्रकार इशिउची मियाको हिच्या कामातून निघतो, आणि तो मला मान्य आहे. कारकिर्दीच्या आरंभी कृष्णधवल काम करणाऱ्या इशिउचीने हिरोशिमातील मृतांचे कपडे मात्र रंगीत टिपले. तिचे ‘हिरोशिमा’ हे पुस्तक २००८ चे. झग्यावरची फुले, शिवणीतला रंगीत धागा यांतून ते कपडे घालणारी, नटण्याची हौस असलेली मुलगी समोर येते. करड्यात ती हरवली असती. पण ते कपडे कुणी टाकलेले नव्हते, आप्तांनी जपून संग्रहालयाकडे सोपवले होते. मालकाची आठवण जागवायची असेल तर रंग हवाच. थोटूक ज्याने फेकले, त्याला ते आठवतही नसते.