आजोबांनी नातवाच्या नावावर एफडी केली. कर कोण भरणार?

चंदगड तालुक्यात काजूचा हंगाम संपत आला की घरोघरी एकच चर्चा असते. बी विकली, पैसे आले, आता ठेवायचे कुठे? मग कोणीतरी सांगतं, "पोराच्या नावावर एफडी करा. त्याला कुठला आलाय टॅक्स?"

हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवरही जोरात फिरतो. पण तो खरा नाही, आणि कधीकधी चांगलाच महागात पडतो.

18 वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. यालाच 'क्लबिंग' म्हणतात. आयकर कायदा, 1961 च्या कलम 64(1अ) मध्ये हा नियम आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण हा नियम कायम आहे. पैसे कोणी दिले याने फरक पडत नाही. आजोबांनी नातवाला दिलेल्या रकमेवर कर नाही, पण त्या रकमेच्या व्याजावर आहे. दहा वर्षांवरच्या मुलांना आता बँकेत स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं. त्या खात्यालाही हाच नियम लागू होतो.

आई की वडील?

ज्याचं एकूण उत्पन्न जास्त, त्याच्या खात्यात. चंदगडसारख्या भागात खरी गंमत इथेच आहे.

समजा, वडिलांची मोठी काजूबाग आहे आणि आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बागेतून वर्षाला 15 लाख मिळतात, आईचा पगार 12 लाख 55 हजार. घरात जास्त कमावतात ते वडील. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ते 'एकूण उत्पन्ना'त धरलंच जात नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबात आई पुढे, आणि मुलाचं व्याज आईच्या रिटर्नमध्ये. (वडील काजू प्रक्रियेचा कारखाना चालवत असतील तर तो धंदा झाला, मग हिशेब वेगळा.)

आता आकडे बघा. आर्थिक वर्ष 2025-26, नवी करप्रणाली. आईच्या पगारातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात 11 लाख 80 हजार. 12 लाखांपर्यंत सवलत असल्यामुळे कर शून्य. आजोबांनी नातवाच्या नावावर 5 लाख ठेवले, 7 टक्क्यांनी 35 हजार व्याज आलं. ते मिळवलं की आईचं उत्पन्न 12 लाख 15 हजार! सीमेवरची सवलत धरूनही 15 हजार कर आणि त्यावर 4 टक्के सेस, असे 15,600 रुपये भरावे लागतील. 35 हजारांच्या व्याजातले जवळपास निम्मे गेले. तेच 5 लाख आजोबांनी स्वतःच्या नावावर ठेवले असते आणि त्यांचं दुसरं फारसं उत्पन्न नसतं, तर एक रुपयाही कर लागला नसता.

जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागे 1,500 रुपयांची सूट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. तशीही ती नावापुरतीच.

"पण बँकेने टीडीएस कापलाच नाही," असं बरेच जण म्हणतात. बँक वर्षाला 50 हजारांच्या वर व्याज गेलं तरच कापते (ज्येष्ठ नागरिकांसाठी मर्यादा जास्त आहे). टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असा अर्थ होत नाही. आणि मुलाच्या पॅनवर टीडीएस कापला गेलाच, तर व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचं आहे हे बँकेला लेखी कळवा. मग टीडीएस त्या पालकाच्या पॅनवर नोंदवता येतो.

पोराने स्वतः कमावलं तर?

जत्रेच्या मैदानात सोळा वर्षांच्या पोराने कुस्ती मारली आणि बक्षीस मिळवलं, तर ते त्याचंच. अंगमेहनतीची किंवा कौशल्याची कमाई पालकांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. मुलीने अभिनय केला, गायली, स्वतःच्या कलेवर व्हिडिओतून पैसे मिळवले, तरी तेच. ही कमाई करपात्र मर्यादेच्या वर गेली तर मुलाच्या नावाने वेगळं रिटर्न, सही पालकाची. मात्र त्याच बक्षिसाची एफडी केली, तर तिचं व्याज पुन्हा आईवडिलांकडे! कारण व्याज मिळवायला कुस्ती खेळावी लागत नाही.

कलम 80यू मध्ये बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्नही मिळवलं जात नाही. आईवडील विभक्त असतील आणि लग्न कायद्याने संपलं असेल, तर मुलाला सांभाळणाऱ्याच्या उत्पन्नात ते धरतात. सुकन्या समृद्धी किंवा पीपीएफचं व्याज मुळातच करमुक्त आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

मूल 18 वर्षांचं होतं त्या वर्षी हिशेब दोन तुकड्यांत करायचा. वाढदिवस 10 ऑक्टोबरला असेल, तर त्याआधीचं व्याज पालकाच्या रिटर्नमध्ये आणि नंतरचं मुलाच्या स्वतःच्या नावावर. त्यामुळे त्या वर्षी बँकेकडून व्याजाचा तारीखवार उतारा मागून घ्या.