‘उपवास’ आणि ‘उपाशी’ : शस्त्रक्रियापूर्व सूचनांची भाषा

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने करावयाच्या तयारीच्या सूचना आता मोबाइलवरील ॲपद्वारेही दिल्या जातात. शस्त्रक्रियेची वेळ नोंदविली की तीवरून मागे मोजून, केव्हापासून काय वर्ज्य, याचे स्मरण असे साधन करून देऊ शकते. तथापि वेळेची गणना अचूक झाली तरी शब्दयोजना अचूक असेलच असे नाही. हा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकांच्या कक्षेत येतो.

भूल दिल्यावर खोकण्या-गिळण्याच्या संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात व जठरातील अन्न किंवा आम्ल फुप्फुसांत शिरू शकते. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली प्रसूतिसमयीच्या भुलीतील या आपत्तीचे वर्णन केले. अमेरिकन भूलतज्ज्ञ-संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरोगी व्यक्तीने नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलका आहार व दूध ६ तास, तर पाणी किंवा बिनदुधाचा चहा २ तास आधी थांबवावा. तळलेल्या व स्निग्ध पदार्थांसाठी ८ तास वा अधिक अवधी लागतो.

इंग्रजीतील ‘फास्टिंग’साठी ‘उपवास’ हा शब्द योजला की अर्थ पालटतो. मराठी व्यवहारात उपवास म्हणजे बहुधा आहाराचा त्याग नव्हे, आहारातील बदल होय; साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, दूध त्यात चालतात. खिचडी खाऊन आलेल्या रुग्णाने सूचना मोडली, असे म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया मात्र पुढे ढकलावी लागेल, आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही तर जिवावर बेतेल. गुजरातीतील ‘फराळी’ पदार्थांमागेही हीच कल्पना आहे. उर्दूतील ‘रोजा’त पाणीही वर्ज्य, परंतु पहाटेपूर्वीची सहरी विहित आहे. ‘निर्जळी’ म्हणावे, तर ज्या काळात पाणी घेण्यास मुभा आहे, त्या काळातही वृद्ध व बालके विनाकारण तहानलेली राहतील. ‘क्लिअर’ द्रवासाठी ‘स्वच्छ द्रव’ म्हटल्यास दूधही स्वच्छच ठरते.

यास्तव शब्दकोशातील प्रतिशब्द येथे पुरेसा नाही. सकाळी ९ वाजता शस्त्रक्रिया असेल व डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर ‘रात्री १ नंतर काहीही खाऊ नका, दूध व दुधाचा चहा नको, उपवासाचे पदार्थही नकोत. साधे पाणी सकाळी ७ पर्यंत चालेल’ असे पदार्थ व वेळ सांगणारे वाक्य हवे. वाचता न येणाऱ्यांसाठी तेच ध्वनिमुद्रित असावे. प्रत्येक भाषेतील मजकूर त्या भाषेच्या आहाररूढी जाणणाऱ्याने, भूलतज्ज्ञासमवेत बसून, स्वतंत्रपणे लिहावा. आणि रुग्णाने तो वाचून काय खाल्ले असते, हे त्याला विचारूनच तो कायम करावा.