ताऱ्याच्या पोटातला द्रव

एक कच्चे अंडे ताटात गरकन फिरवा. बोटाने क्षणभर थांबवा आणि लगेच बोट उचला. अंडे आपोआप पुन्हा फिरू लागेल! कवच थांबले, तरी आतला द्रव फिरतच होता. उकडलेल्या अंड्याला हे जमणार नाही.

असेच एक अंडे आकाशात आहे. महाळुंगे पडवळच्या मुलांना नारायणगावजवळचे खोडद ठाऊक असेलच. तिथे आणि भोवतालच्या २५ किलोमीटरच्या टापूत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही रेडिओ दुर्बीण स्पंदकांचे ठोके टिपते. स्पंदक म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून अधिक, पण व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर!

वेला तारकासमूहातला स्पंदक सेकंदाला सुमारे ११ गिरक्या घेतो आणि हळूहळू मंदावतो. पण १९६९ मध्ये त्याचा वेग अचानक वाढला, दहा लाखांत सुमारे दोन भागांनी. राधाकृष्णन आणि मँचेस्टर यांनी ही झेप ऑस्ट्रेलियातून टिपली. पूर्वपदावर यायला ताऱ्याला कित्येक आठवडे लागले. आत साधा द्रव असता, तर घर्षणामुळे हे क्षणात आटोपले असते.

मग आत काय आहे? न्यूट्रॉन हे फर्मिऑन जातीचे कण. एसटीच्या एका आसनावर एकच प्रवासी, तसा एका अवस्थेत एकच न्यूट्रॉन! मात्र दोघांची जोडी जमली, की हा नियम सैल होतो. साऱ्या जोड्या एकाच अवस्थेत उतरून एका तालात वाहतात. घर्षण उरत नाही. हीच अतिप्रवाहिता. हेलियम-३ मध्ये ती १९७२ साली सापडली, निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ०.००२७ अंशावर. ताऱ्यात मात्र ती दहा कोटी अंशांनाही टिकते! तिथे न्यूट्रॉन इतके दाटलेले असतात, की त्यांच्यातली ओढ त्या उष्णतेला दाद देत नाही.

या द्रवातले सूक्ष्म भोवरे ताऱ्याच्या कवचात अडकतात, म्हणून कवच मंदावले तरी द्रव मंदावत नाही. पुढे असंख्य भोवरे एकदम सुटतात आणि कवचाला झटका देतात, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. खोडद आणि उटी येथील दुर्बिणींनी अशा ११ झेपा आठ स्पंदकांत टिपल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

पण जोडीच का, चौकडी का नाही? दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून हेलियमचे केंद्रक बनतेच. कार्बनच्या केंद्रकाच्या एका उत्तेजित अवस्थेत अशा तीन चौकड्या एका तालात वावरत असाव्यात, असे गणित २००१ मध्ये मांडले गेले. त्यावर अजून वाद चालू आहे.